बाळंतपणाची रजा : तारखा, अर्ज, पैसे आणि परत कामावर येणं

नोकरी करणाऱ्या गरोदर बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे आता बहुतेकींना ठाऊक असतं. तरीही रजा किंवा पैसे हातचे जातात. त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात : तारखांचा हिशेब चुकतो, नाहीतर सगळं बोलणं तोंडी राहतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे. हिंजवडीतली आयटी कंपनी, चाकणचा कारखाना, लक्ष्मी रोडवरचं दुकान, पुणे परिसरातल्या अशा तीनही ठिकाणी नियम कसे लागू होतात तेही पाहू.

आधी कायद्याचं नाव. १९६१चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातली २०१७ची दुरुस्ती यांवर आजवर सगळं चालत होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. तिचं सहावं प्रकरण, म्हणजे कलम ५९ ते ७२, मातृत्व लाभाचं आहे. एचआरच्या पत्रात अजून जुन्या कायद्याचा उल्लेख दिसला तर गोंधळू नका. आठवड्यांची संख्या, ८० दिवसांची अट, पाळणाघर, नोकरीचं संरक्षण हे सगळं नव्या संहितेतही तसंच आहे.

पहिली पायरी : पैसे कोण देणार ते ओळखा

पगाराची स्लिप काढा आणि कपातीच्या रकान्यात ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात आहे का ते बघा. ईएसआयच्या हिशेबात धरलं जाणारं वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही सहसा या योजनेत असता, आणि रजेचे पैसे कंपनी देत नाही, योजना चालवणारं महामंडळ, म्हणजे ईएसआयसी, देते. कपात नसेल आणि तुमच्या आस्थापनेत दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील (गेल्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी असली तरी चालतं), तर पैसे कंपनीनेच द्यायचे. कारखान्याला ही दहाची अट नाही.

प्रोबेशनवर आहात, कंत्राटी आहात, रोजंदारीवर आहात, म्हणून हक्क जात नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी २०२३चा कविता यादव खटल्याचा निकाल फार कामाचा आहे : करार रजेच्या मधेच संपला तरी मातृत्व लाभ करारासोबत संपत नाही, पात्रता असेल तर पूर्ण मुदतीचा द्यावा लागतो. 'तुमचं काँट्रॅक्ट ऑक्टोबरला संपतंय, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंतच पैसे' असं कोणी म्हणालं तर या निकालाचा लेखी उल्लेख करा.

सरकारी नोकरीत वेगळे रजा नियम आहेत आणि तिथे १८० दिवस मिळतात. पुढचा बराचसा मजकूर खासगी नोकरीसाठी आहे.

दुसरी पायरी : कॅलेंडर घेऊन बसा

एक ड्यू डेट, म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख, धरून हिशेब करू : १५ सप्टेंबर २०२६, मंगळवार, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीचा.

रजा एकूण २६ आठवडे, त्यातले ड्यू डेटच्या आधी जास्तीत जास्त आठ. १५ सप्टेंबरच्या आठ आठवडे आधीची तारीख २१ जुलै येते. त्या दिवसापासून रजा सुरू केली तर २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, १८ जानेवारी २०२७ला संपतात आणि १९ तारखेला हजर व्हायचं. आधीचे आठ आठवडे घ्यायलाच हवेत असं नाही. तब्येत साथ देत असेल आणि घरून काम असेल तर अनेकजणी ड्यू डेटच्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंत काम करतात आणि वाचलेले आठवडे बाळासोबत घालवतात. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. आठ आठवड्यांहून आधी घरी थांबायचं असेल तर ती दुसरी रजा लागते.

आपल्याकडे ही अडचण हमखास येते, कारण पहिलं बाळंतपण माहेरी आणि जायचं सातव्या महिन्यात, अशी रीत. सातवा महिना म्हणजे साधारण अठ्ठाविसावा ते एकतिसावा आठवडा. रजेचा हक्क बत्तिसाव्यापासून सुरू होतो. मधल्या तीन-चार आठवड्यांसाठी अर्जित रजा आधीपासून साठवून ठेवा, किंवा नांदेडहून, जळगावहून घरून काम करण्याची परवानगी लेखी घ्या. गरोदरपणामुळे आजारपण आलं असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर एक महिन्यापर्यंत वेगळी भरपगारी रजा मिळते. ती २६ आठवड्यांच्या वर असते आणि बाळंतपणानंतरच्या दुखण्यासाठी किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं तरीही वापरता येते. म्हणून ती निव्वळ प्रवासाच्या सोयीसाठी खर्ची घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

रविवार, शनिवार, सण हे सगळे दिवस २६ आठवड्यांत धरले जातात, आणि त्यांचे पैसेही मिळतात. रविवारचे पैसे कापता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली बी. शाह खटल्यात ठरवलं आहे. आठवड्याचे सहाच दिवस धरून कोणी रक्कम काढली असेल तर ती चूक आहे.

आता ८० दिवसांची अट. ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही त्या नोकरीत किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केलेलं हवं. कायद्याने ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या या ८०मध्ये धरल्या जातात, बिनपगारी रजा धरू नका. गरोदर असताना नोकरी बदललेल्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून मोजायला हवं. समजा तुम्ही १ एप्रिल २०२६ला रुजू झालात आणि आठवडा पाच दिवसांचा आहे. एप्रिलमध्ये कामाचे २२ दिवस, मेमध्ये २१, जूनमध्ये २२, आणि २० जुलैपर्यंत आणखी १४. बेरीज ७९. म्हणजे २१ जुलैपासून रजा टाकली तर एका दिवसाने अट हुकते! २१ला कामावर जा आणि २२पासून रजा घ्या. शिवाय मधे दोन-चार दिवस बिनपगारी पडले असतील तर तितके दिवस पुढे सरका. अट ड्यू डेटपर्यंत पूर्ण व्हायला हवी, रजेची सुरुवात त्यानुसार मागेपुढे करता येते. सहा दिवसांचा आठवडा असेल तर हेच दिवस ९५ भरतात आणि काळजी उरत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत गरोदरपण सांगितलंच पाहिजे असं मातृत्व लाभाचा कायदा कुठेही म्हणत नाही. 'तुम्ही लपवलंत म्हणून लाभ नाही' याला आधार नाही. अट फक्त ८० दिवसांची.

ईएसआयसीची मोजणी वेगळी आहे आणि तिथे चूक झाली तर महागात पडते. तिथे ७० दिवसांची वर्गणी (म्हणजे ईएसआयची कपात) लागते, पण ती बाळंतपण ज्या 'लाभ कालावधी'त येतं त्याच्या लगतच्या आधीच्या दोन 'वर्गणी कालावधीं'त. वर्गणी कालावधी वर्षाला दोन : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभ कालावधी पुढच्या जानेवारी ते जून, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर. आपली ड्यू डेट सप्टेंबर २०२६ची आहे, म्हणजे लाभ कालावधी जुलै ते डिसेंबर २०२६, आणि ७० दिवस मोजायचे ते १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातले. एप्रिल २०२६मध्ये पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्या बाईचे हे ७० दिवस भरतच नाहीत, मग तिने त्यानंतर कितीही काम केलेलं असो. आधीच्या नोकरीत ईएसआय होतं का, हे म्हणूनच आठवून बघा. जुनाच विमा क्रमांक नव्या नोकरीत लावून घेतला तर आधीची वर्गणी मोजली जाते. नव्या एचआरने घाईत दुसरा क्रमांक काढला की ती वेगळी पडते, आणि ती जोडून घ्यायला बिबवेवाडीच्या ईएसआयसी कार्यालयात खेटे घालावे लागतात.

पगारवाढीचंही लक्षात ठेवा. मे महिन्यात वेतन २१,०००च्या वर गेलं तरी तो वर्गणी कालावधी संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तुम्ही योजनेत राहता. तोवर कपात बंद झाली असेल तर विचारा.

आठवड्यांचं आणखी एक. दोन किंवा त्याहून जास्त हयात मुलं असतील तर रजा २६ऐवजी १२ आठवडे, त्यातले सहा आधी. म्हणजे तिसऱ्या वेळी रजा कमी होते, बंद होत नाही. दत्तक घेणाऱ्या आणि सरोगसीतून मूल झालेल्या आईला मूल हाती आल्याच्या दिवसापासून १२ आठवडे आहेत.

तिसरी पायरी : लेखी कळवा

तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, हा घरातला संकेत पाळायला हरकत नाही. कायद्यात कळवण्याची अशी शेवटची तारीख नाही, आणि सूचना द्यायची राहिली तर बाळंतपणानंतरही देता येते. पण काम जड असेल, उभं राहून असेल, रसायनांजवळ असेल तर वाट पाहू नका. इतरांनी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली की मेल पाठवावा. मॅनेजरला चहाच्या टपरीवर सांगितलं ते सांगणं धरू नका, कारण पुढे प्रकरण फाटलं तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे पहिलं उत्तर येतं.

मेल कंपनीच्या आयडीवरून एचआरला जाऊ दे, मॅनेजरला प्रत, आणि स्वतःच्या खासगी ईमेललाही प्रत ठेवा. नोकरी गेली की कंपनीचा मेल त्याच दिवशी बंद होतो आणि सगळा पुरावा त्यात अडकतो. कारखान्यात मेलची सोय नसेल तर दोन प्रती काढा, एकीवर टाइम ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मजकूर असा चालतो :

'प्रति, मनुष्यबळ विभाग. विषय : प्रसूती रजा व लाभाची सूचना. मी (विभाग, कर्मचारी क्रमांक) दि. … पासून कामावर आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ सप्टेंबर २०२६ असून डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. मी २१ जुलै २०२६पासून प्रसूती रजेवर जात आहे. या रजेच्या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ, आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. माझ्या गैरहजेरीत रक्कम स्वीकारण्यासाठी मी (नाव, नातं) यांना नेमत आहे. मी १९ जानेवारी २०२७ रोजी रुजू होईन. रजेच्या काळात वेतनातील कोणते भाग मिळतील आणि रक्कम कशी काढली, हे लेखी कळवावं. या सूचनेची पोच द्यावी.'

'दुसरीकडे काम करणार नाही' हे वाक्य गाळू नका, कायदाच ते मागतो. आणि ते पाळा. रजेत असताना दुसऱ्या आस्थापनेत काम केल्याचं दिसलं तर त्या काळाच्या लाभावर पाणी सोडावं लागतं.

पोर्टलवर रजा टाकताना प्रकार 'मॅटर्निटी' हाच निवडा. तो पर्याय दिसत नसेल तर 'अर्न्ड लीव्ह टाका, नंतर बदलू' यावर विसंबू नका. स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवा आणि दुरुस्ती करून घ्या.

ईएसआयवाल्यांनी कंपनीला सूचना द्यायचीच, शिवाय ईएसआयसीकडे दावा स्वतः करायचा. तो ऑनलाइनही करता येतो. नाव, बँक खातं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, हे सहाव्या महिन्यातच तपासा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि विमा नोंदीत माहेरचं राहिलं, या एका कारणाने पैसे अडकतात. बाळंतपण माहेरच्या गावी होणार असेल तर तिथल्या डॉक्टरांची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्ड आणि जन्माची नोंद जपून पुण्याला आणा. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, २१ दिवसांच्या आत.

पैशांचा हिशेब

रजा सुरू होण्याच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतली सरासरी रोजची मजुरी, हा दर. आपल्या उदाहरणात एप्रिल, मे, जून. सरासरी प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवर काढायची असते. उलट्यांमुळे मेमध्ये दहा दिवस बिनपगारी गेले असतील तर त्या महिन्याची कापलेली रक्कम पूर्ण ३१ दिवसांनी भागून दर पाडता येत नाही. ही चूक पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होते आणि कोणी विचारलं नाही तर तशीच राहते.

दुसरा प्रश्न 'वेतन' म्हणजे काय. नव्या संहितेत मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरतात, घरभाडे भत्ता किंवा प्रवास भत्त्यासारखे काही भाग वगळतात. पण वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच मिळवायची. एकूण ६०,०००, त्यात मूळ वेतन २०,००० आणि वगळलेले भत्ते ४०,००० असतील, तर वेतन किमान ३०,००० धरावं लागतं. बऱ्याच कंपन्या रजेत नेहमीचा पूर्ण पगार चालू ठेवतात, आणि नेमणूकपत्रात किंवा धोरणात तसं लिहिलं असेल तर कायद्याहून चांगली ती सवलत तुम्हाला मिळते. म्हणूनच 'कोणते भाग मिळतील' हे अर्जात विचारलं आहे. रजेवर गेल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कंपनी बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा फुकट पुरवत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो. रक्कम छोटी आहे, मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, मागा. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं ते आत्ताच विचारून ठेवा. बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर खर्च एकदम वाढतो आणि त्या वेळी नियम वाचायला कोणाला सवड नसते.

रजेआधीचं काम, रात्रपाळी

चाकण-रांजणगावच्या लाइनवर आठ तास उभ्या असणाऱ्या बायकांसाठी हा भाग महत्त्वाचा. ड्यू डेटच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं, किंवा गर्भाला धोका पोचेल असं काम देता येत नाही. आपल्या तारखेसाठी हा काळ ४ जुलैपासून सुरू होतो. 'मागणी केली तर' हे शब्द लक्षात घ्या : मागणी लेखी करा, काय नको तेही लिहा. 'हलकं काम द्या' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'सलग अर्ध्या तासाहून जास्त उभं राहण्याचं काम, मालाच्या पेट्या (बिन) उचलणं आणि पेंट शॉपमधलं काम देऊ नये' असं लिहिलेलं सुपरवायझरला टाळता येत नाही. हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही.

जुलैआधीच त्रास होत असेल तर प्रसूतितज्ज्ञांकडून तसं पत्र आणा. पत्रात आठवडा, निदान आणि कोणतं काम टाळायचं हे तीनही हवं. रात्रपाळीसाठी बाईची संमती लागते. आधी दिलेली असेल तर गरोदरपणात ती मागे घेत असल्याचं लिहून द्या.

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तर कंपनीला तुम्हाला कामावर ठेवताच येत नाही, तुमची तयारी असली तरी. 'फक्त एक कॉल घे' हेही त्यात आलं. लॅपटॉप रजेआधी जमा करून पावती घेतलेली बरी.

गर्भपात झाला तर

गर्भ पडला किंवा वैद्यकीय गर्भपात करावा लागला तर त्या दिवसानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ईएसआयमध्येही आहे. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिना. ही रजा फार कमी जणी घेतात, कारण ऑफिसमध्ये कोणाला कळू नये असं वाटतं आणि दोन दिवसांच्या सिक लीव्हनंतर त्या परत येतात. प्रमाणपत्र थेट एचआरच्या एकाच व्यक्तीला द्या आणि ते मॅनेजरपर्यंत जाऊ नये असं मेलमध्ये लिहा. मॅनेजरला 'वैद्यकीय रजा' एवढं कळलं की पुरे.

राजीनामा देऊ नका

गरोदर असल्याचं कळवल्यावर सगळ्यात घातक वळण इथे येतं. रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. त्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणंही बेकायदा आहे, आणि नोकरीच्या अटी तुमच्या नुकसानीच्या दिशेने बदलणंही. गरोदरपणात काढून टाकलं तरी रजेचे पैसे आणि वैद्यकीय बोनस यांचा हक्क उरतो, गंभीर गैरवर्तनाचा लेखी आदेश असल्याशिवाय तो काढून घेता येत नाही. हे सगळं संरक्षण काढून टाकलेल्या बाईला आहे. स्वतःच्या सहीने राजीनामा दिलेल्या बाईची बाजू लंगडी पडते.

म्हणून मीटिंग रूममध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं जातं : 'रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ, पुढच्या नोकरीला अडचण नको, आजच राजीनामा टाका.' तिथे सही करू नका, पोर्टलवर बटण दाबू नका. 'मला विचार करायला वेळ हवा, तुमचं म्हणणं मेलवर पाठवा' एवढंच बोला. बाहेर आल्यावर लगेच स्वतः मेल लिहा : आज अमुक वाजता अमुक दोघांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी गरोदर आहे, मला नोकरी चालू ठेवायची आहे, मी राजीनामा देत नाही. दबावाखाली राजीनामा देऊन बसला असाल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो मागे घेत असल्याचा मेल करा, कारणासह. उशीर जितका, तितकं ते पटवणं अवघड.

कामगिरी खराब असल्याचे मेल अचानक सुरू झाले तर प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांची अप्रेझल पत्रं बाजूला काढून ठेवा. तारखांचा क्रम, म्हणजे आधी गरोदरपण कळवलं आणि मग तक्रारी सुरू झाल्या, हाच तुमचा मोठा पुरावा असतो.

'रजेनंतर सहा महिने काम केलं नाही तर पैसे परत' असा बाँड कोणी पुढे केला तर लक्षात घ्या, कायद्याने लाभाला परत येण्याची अट घातलेली नाही.

परत येताना

रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी मेल करून तारीख कळवा. त्याच मेलमध्ये तीन गोष्टी विचारा : तीच भूमिका आणि तोच पगार आहे ना, फीडिंग ब्रेक कोणत्या वेळी, आणि पाळणाघर कुठे.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोन फीडिंग ब्रेक मिळतात, पगार न कापता. बाळ घरी असेल तर अनेकजणी हा वेळ दूध काढून ठेवायला वापरतात. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली आणि फ्रीजचा एक कप्पा मागा. स्वच्छतागृहात दूध काढायला सांगणं चालवून घेऊ नका.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीला पाळणाघराची सोय करावीच लागते. ती आवारात असेल, जवळ असेल, किंवा खराडी-हिंजवडीत दिसतं तसं एखाद्या खासगी पाळणाघराशी करार असेल. दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायला परवानगी आहे, नेहमीची विश्रांती धरून. करारातलं पाळणाघर ऑफिसपासून पाऊण तासावर असेल तर या चार फेऱ्यांना अर्थ राहत नाही. अंतर आणि जाण्यायेण्याचा वेळ लिहून आक्षेप घ्या. भूमकर चौकातली संध्याकाळची वाहतूक कोंडी ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं जमलं तरच. तो हक्क म्हणून मागता येत नाही. किती महिने, आठवड्यातले किती दिवस, हे ठोस प्रस्ताव म्हणून मांडा, होकार मेलवर घ्या. ग्रॅच्युइटीच्या अखंड सेवेत ही २६ आठवड्यांची रजा धरली जाते, तिथे खंड दाखवला असेल तर दुरुस्त करून घ्या.

दहापेक्षा कमी माणसांचं दुकान, घरकाम, बांधकाम

तुळशीबागेतल्या तीन माणसांच्या दुकानात किंवा घरकामात वरची रजा लागू होत नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे : पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० आणि २,०००), दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी लागते, म्हणून अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे नाव लवकर घाला. दुसऱ्या हप्त्याला बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा हवा. बांधकामावरच्या नोंदणीकृत कामगार बायकांना कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. अट नोंदणी चालू असण्याची आहे. ओळखपत्राची मुदत संपलेली असेल तर बाळंतपणाआधी नूतनीकरण करा.

नाहीच दिलं तर

आधी एचआरला एक शेवटचा मेल : काय मागितलं होतं, कधी, काय मिळालं नाही, आणि सात दिवसांत उत्तर हवं. उत्तर आलं नाही तर कामगार खात्याकडे जा. पुण्यात अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय शिवाजीनगरला आहे. बँक, विमा, दूरसंचार यांसारख्या क्षेत्रांत तक्रार केंद्रीय कामगार यंत्रणेकडे करावी लागते. ईएसआयचा प्रश्न बिबवेवाडीला.

तक्रार एक पानाची करा, तारखांच्या क्रमाने. सोबत नेमणूकपत्र, मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अर्ज आणि त्याची पोच, एचआरचे मेल, डिस्चार्ज कार्ड किंवा जन्म दाखला, बँकेचा उतारा. दोन संच न्या, एकावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. निरीक्षकाला चौकशी करून पैसे देण्याचा आदेश काढता येतो.

नोकरीवरून काढून लाभ नाकारला असेल तर तो आदेश हाती पडल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. ओल्या बाळंतिणीला ६० दिवस कसे गेले ते कळत नाही. त्यामुळे आदेश आला त्याच दिवशी ही तारीख घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर लावून ठेवा आणि धावपळ त्यांच्याकडे सोपवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.